गोटी

गोटी मी खिशातच ठेवतो.
हिरवी, आत पिवळी शीर.
लेव्हल, लेझर, सगळं गाडीत असतं,
पण लोकांचा विश्वास गोटीवर बसतो.

झांदामच्या त्या गल्लीत, बारा नंबरला,
विट्स्केबाईंच्या ओट्यापाशी सोडली
तेव्हा ती क्षणभर थांबली,
आणि मग निघाली खिडकीकडे,
पेन्शन आणायला निघाल्यासारखी,
घाई नाही, पण ठाम.

बाई म्हणाल्या, हवा दमट, दार फुगतं.
सात वर्षं फुगत होतं.
कोरड्या उन्हाळ्यातसुद्धा.
खालचा कोपरा तीनदा रंधून घेतलेला;
दार चौकोनी नव्हतं, चौकटही नव्हती,
दोघांनी एकमेकांचं वाकडेपण
सांभाळून घेतलं होतं.

जहाजाचं एक चित्र होतं भिंतीवर.
खेर्ब्रांडनं लावलेलं, म्हणाल्या, जाण्याआधी वर्षभर.
चित्र उतरवलं.
मागे भेग, विटांच्या सांध्यांतून
पायरी-पायरीनं चढत गेलेली.
त्याला माहीत होतं तर, बाई म्हणाल्या,
आणि खुर्ची ओढून बसल्या.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, तारीख घातली.
सहाव्या आठवड्यात काच तडकली.

मग पुढच्या भिंतीशी खड्डा.
दीड मीटर, पंप लावून, गुडघाभर काळा गाळ.
खाली खांबाचं टोक लागलं.
पाइनचा खांब, बारा मीटरचा,
बाईंच्या पणजोबांच्या वयाच्या कुणीतरी
चिखलातून खालच्या वाळूपर्यंत ठोकलेला.
बोट लावलं तर बोट आत गेलं.
भिजलेला पाव.
वीतभर खाली मात्र, जिथं अजून पाणी होतं,
हातोडा टणकन वाजला.

हे सांगायला मला नेहमी जड जातं,
कारण इथली माणसं लहानपणापासून
पाण्याला भीत आलेली.
बाई, म्हटलं, पाण्यानं नाही झालं.
पाणी गेलं म्हणून झालं.
गल्लीखालचं गटार फुटलंय,
ते गुपचूप जमिनीतलं पाणी पितंय,
आणि वर सगळे खूष,
की यंदा अंगण कसं कोरडं!

अडचण चौदा नंबरची.
भिंत दोघांची, तिच्याखालचे खांब दोघांचे.
एमराह ट्रक चालवतो, घराचं कर्ज कालपरवाचं.
माझ्याकडे एकही भेग नाही, म्हणाला.
खरं होतं. मी पाहिलं.
हात खिशात घालायच्या आत
त्याची देफ्ने म्हणाली, ते हिरवं मला दे.
तिनंच सोडली.
गोटी त्यांच्या सोफ्याखालून, गालिच्याच्या कडेनं,
थेट विट्स्केबाईंच्या भिंतीला जाऊन टेकली.
पुन्हा सोडली. पुन्हा तिकडेच.
एमराह काही बोलला नाही.
अकरा दिवसांनी फोन आला,
हप्ते पाडून मिळतील का?

जमीन उखडली. मीटर-मीटरचे पोलादी पाइप
एकावर एक जोडत, जॅकनं दाबत,
घराच्या पोटातून खाली गेले.
चार महिने बाई बहिणीकडे,
चौदातली भांडी कंटेनरमध्ये.
नवा काँक्रीटचा तळ ओतला.
जुने खांब तिथंच आहेत,
त्यांना कोण काढतंय.
पुढची बाजू दोन सेंटिमीटर उचलली,
भेग मिटली नाही पूर्ण, शांत झाली.

शेवटच्या दिवशी गोटी सोडली, उभी राहिली.
देफ्नेनं फुंकर मारून पाहिली.

फक्त ते दार.
वाकड्या चौकटीच्या मापानं रंधलेलं,
चौकट सरळ झाली,
आता खाली एका बाजूला तिरकी फट,
वारा शीळ घालत आत.
नवं करून घ्या, म्हटलं.
बाईंनी फटीला पायानं पायपुसणं सरकवलं.
पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या,
आधी माझ्या वाट्याचा हप्ता.

गोटी?
ती परत मागायला विसरलो.
विसरलो असं म्हणतो.