माया

तबास्कीच्या आधीचे पंधरा दिवस
आम्ही शिंपी सरळ खोटं बोलतो.
‘उद्या नक्की’ म्हणताना
जीभसुद्धा अडखळत नाही.
सें-लुईत वीज जाते, मशीन पायावर येतं,
अंगणात दोन पोरं मोगऱ्यांनी बाझेंचं कापड बडवतात,
पितळेसारखं चकाकेपर्यंत,
आणि गच्चीगच्चीवर बांधलेले मेंढे
रात्रभर एकमेकांना हाका मारतात.

रविवारी त्यांना समुद्रावर नेऊन साबणानं घासतात.
शिंगं मोडकी नकोत, कान फाटका नको,
डोळ्यात फूल नको.
माझ्या बायकोनं यंदाचा भाव ऐकला
आणि बाजारातच खाली बसली.
शेवटी एक मिळाला हप्त्यानं.
जरा लंगडतोय वाटलं. म्हटलं, चालवून दाखव.
चालला.

याय दाबा येते अगदी शेवटच्या आठवड्यात.
मासे सुकवणाऱ्या हातांचा वास लागू नये
म्हणून कापड कागदात गुंडाळलेलं.
‘मोमारचा बूबू. आकाशीच. माप आहे तुझ्याकडे.’

आहे. वहीत आहे.
होडी उत्तरेला निघाली त्याच्या आदल्या महिन्यातलं:
छाती, खांदा, बाही, वय एकोणीस.
‘खांद्याला दोन बोटं जास्त धर,
या वयात मुलगा भरतो.’
मी धरतो.
सहा तबास्की, बारा बोटं.
एवढ्या खांद्यांचा माणूस
आमच्या गल्लीत आडवा होऊनच शिरेल.
बाकी कुणालाही म्हणतो,
तिला मी कधी ‘उद्या’ म्हटलेलं नाही.

ईदच्या सकाळी सगळी वस्ती वाळूवर,
अजून कुणाच्या पोटात काही नाही.
पुढच्या रांगा वाकतात
आणि मला दिसतात माझेच टाके,
पहाटे तीनला डुलक्या घेत घातलेले,
उसवले नाहीत, शुक्र आहे.
इमाम तीच गोष्ट सांगतात:
बापाला पडलेलं स्वप्न,
‘सांगितलंय ते करा’ म्हणणारा मुलगा,
गळ्यावर टेकलेली सुरी,
आणि ऐन वेळी मुलाच्या जागी आलेला मेंढा.
दरवर्षी माझा कान मागे, बायकांच्या रांगांकडे असतो.
तिथून काही ऐकू येत नाही.
गोष्टीत समुद्र नाहीच कुठे.

मग इमामांचा मेंढा, मग घरोघरचे.
निखाऱ्यावरची कलेजी, तो पहिला घास.
मांसाचे तीन वाटे, त्यातला एक आपला नसतोच.
एक तंगडी विक्तोरीनबाईंकडे जाते,
त्या चर्चला जाणाऱ्या;
ईस्टरला त्यांच्याकडून बाओबाबच्या फळाची
घट्ट, गोड खीर येते,
तेव्हा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणि दुपारनंतर तो फेरा.
दारोदार, लहानथोर, भांडलेले, न भांडलेले.
‘बाल मा आख.’
तुझं काही माझ्या अंगावर राहिलं असेल तर सोड.
‘सोडलं. अल्लाहनं आपल्या दोघांनाही सोडावं.’
शिंप्याला हा फेरा लांबचा पडतो.
एक बाई म्हणाली, सोडते,
पण बाही अजून आखूड आहे, अरोना.

याय दाबाच्या अंगणात मेंढा नव्हता.
खुंटीवर बूबू होता.
समुद्रावरून वारा आला की बाह्या भरायच्या,
वारा पडला की रिकाम्या.
मी मांसाचं भांडं ठेवलं, म्हटलं, बाल मा आख.
नेमकं कशाबद्दल, ते मलाही सांगता आलं नसतं:
बारा बोटांबद्दल,
की एकदाही ‘पुरे आता’ न म्हटल्याबद्दल.

ती म्हणाली, सोडलं.
मग खुंटीजवळ गेली,
शिवण उलटी करून
बोटांनी चाचपू लागली.
‘आत माया ठेवलीस ना?’
‘ठेवलीय.’
‘किती?’

दारात पोरं आली होती नवे कपडे घालून,
ईदीची नाणी मागत.
तिनं गाठ सोडली, एकेकाच्या हातावर नाणं ठेवलं,
आणि परत माझ्याकडे पाहिलं.
‘दोन बोटं,’ म्हटलं.