निळी चप्पल

दिवाडीच्या पंचायतीत, वरच्या खोलीत
शनिवारी मी पोरांना वाचून दाखवते.
आज नवं पुस्तक आलं, गुळगुळीत, शाईचा वास मारणारं:
एक टिळेवाला, एक टोपीवाला, एक गळ्यात क्रूस घातलेली,
सोळाच्या सोळा पानं हातात हात.

"हे भांडत कसे नाहीत?" अफनान म्हणाला.
"आणि टोपी घालून कोण पोहतं, मिस?"
जोव्हिटाचा क्रूस तर तिची आई
फेस्ताखेरीज कपाटातून काढत नाही.
दत्तेश गप्प.
सोमवारपासून त्याची नि अफनानची कट्टी आहे,
मासे धरायच्या एका गळावरून.

मी पुस्तक मिटलं. कोरे कागद वाटले.

जोव्हिटाने फेरीबोट काढली,
तीत पोदेराची सायकल बोटीहून मोठी.
दत्तेशने मांडवी काढली, पाण्यात गळ,
गळाला लागलेली चप्पल,
आणि पार खाली, खाजणाच्या बांधावर, दोन ठिपके.

"हा कोण?"
"मी."
"आणि हा?"
तो पेन्सिल चावत बसला.

अफनानने मान लांब करून पाहिलं.
"ती चप्पल माझी," तो कागदाला म्हणाला,
"निळी होती."
आणि खडू सरकवला.

भोंगा झाला तशी सगळी जिन्यावरून धडधडत पळाली.
मी डिंक शोधला.

नवं पुस्तक आता कपाटात नीट मिटत नाही.
सोळाव्या पानामागे एक जाड कागद आहे,
त्यावरचा निळा
रेघेबाहेर गेलेला.