गळती

धुळ्याहून आलेल्या बसमधून अकरा जण उतरले,
सहा एका देशाचे, पाच दुसऱ्या.
देशांची नावं घ्यायची नाहीत, मला बजावलं होतं.
एकाच नदीवरून त्यांचं सत्तर वर्षं चाललंय, एवढं पुरे.
मी दुभाषी. दिवसाचे आठशे आणि जेवण.

पांझरेच्या काठी उखा पाटकरी उभा,
खांद्यावर फावडं, पायात एकच चप्पल.
दुसरी सकाळीच पाटात वाहून गेली म्हणाला,
'खालचं गाव ठेवी दी बाजूले.'
हे मी भाषांतरात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

मग फड दाखवला त्याने :
यंदा ऊस इकडे, गहू तिकडे, तो तुकडा मोकळा,
पुढल्या साली सगळं एक घर सरकणार.
'थळ' या शब्दापाशी मी अडखळलो.
जमीन म्हणावं तर पाणी बाहेर राहतं,
पाणी म्हणावं तर माणसं.
एका बंधाऱ्याचं पाणी पोचतं तिथवर, असं म्हणालो शेवटी,
आणि दोन्हीकडच्या वह्यांत ते एकदमच उतरलं.

इतिहास काय, एका चष्मेवाल्याने विचारलं.
उखा खाली बसला. इतिहास तो उभ्याने सांगत नाही.

पणज्याच्या काळी वरच्या गावाने, म्हणजे आम्हीच,
रातोरात पळसाच्या फांद्या, माती, गोणपाट कोंबून
नदी अडवली.
खालचे आले. गोबा देवरेचं डोकं फुटलं.
मग अकरा वर्षं कोर्ट,
मोडीतले कागद, दोन्ही गावांच्या म्हशी वकिलाच्या दारात.
निकाल लागला तेव्हा दावा लावणारा उरला नव्हता
आणि कुणाच्या बाजूने लागला
ते आजवर दोन्ही गावं वेगवेगळं सांगतात.

'मग मिटलं कसं?'
त्याने बंधाऱ्याकडे बोट केलं.
दगडांच्या चौथ्या थरात एक भोक,
त्यातून पाण्याची धार, न घाई न आळस, खाली पडत होती.
'हाई बुजाडानं नही.' इतकंच ठरलं. कागद नाही.

एका साली सरकारी सिमेंट आलं.
ओव्हरसियरने प्रामाणिकपणे गळती बंद केली,
बिल काढलं, गेला.
तिसऱ्या रात्री छिन्नीचा आवाज.
खालचे काठ्या घेऊन धावले,
तर फोडत होते वरचेच :
उखाचा बाप, आणि कंदील धरून
नऊ वर्षांचा, झोपेने पेंगणारा उखा.

'किती क्युसेक?' सहांतल्या एकाने विचारलं.
'मनगटभर.'
'कुणाचं मनगट?' पाचांतला एक म्हणाला,
आणि पहिल्यांदाच दोन्हीकडचे हसले,
मग हसलो हे आठवून गप्प झाले.
उखाने प्रश्न खरा धरला.
'गोबा देवरेनं,' म्हणाला.
सरणावर ठेवण्याआधी भावाने
मनगटाभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं होतं,
कशासाठी, तेव्हा त्यालाही ठाऊक नसावं.
अकरा वर्षं तो दोरा कणगीत होता.

इथे मला इंग्रजी सुचेना काही वेळ.
कुणी घाई केली नाही.

चैत्रात हल्ली धार आटते, उखा सांगत राहिला,
बोअर झाल्या वर, आमच्याच.
आंब्याखाली कळण्याची भाकरी, भरीत, हिरवी मिरची.
पाच एका सतरंजीवर, सहा दुसऱ्या.

बसने हॉर्न दिला तेव्हा
त्यांतला एक बंधाऱ्याखाली उतरलेला दिसला.
भोकात हात घालून पाहत होता, घड्याळ अडकलं.
ते काढून शेजारच्याकडे दिलं त्याने, न बघताच,
आणि शेजारी दुसऱ्या देशाचा होता.

पुढचं मी पाहिलं नाही. मला माणसं मोजायची होती.
उखा खालच्या वाटेने निघाला होता,
एक पाय अनवाणी,
चपलेची चौकशी करायला.