जेवून आलेय

ब्रिसेइदा मंगळवारी येते.
एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या, पिवळ्या,
मागच्या निवडणुकीत कुणीतरी रंगवून दिलेल्या.
वर पोचली की आधी कठडा धरून उभी राहते,
मग फळा टेकवते तांदळाच्या पोत्याला
आणि खडूने काढते एक गोल ताट.

लिमाचं आभाळ जूनमध्ये
न पिळलेल्या फडक्यासारखं पत्र्यावर पडून असतं.
पाऊस म्हणावा तर नाही,
कोरडं म्हणावं तर दुपटी तीन दिवस ओली.
आमच्या कोमेदोरात आज चुलीवर माझी पाळी:
एकशे दहा माणसं, दोन पातेली, मसूर.

"पातळ नको," ती म्हणते.
"चमचा तिरका करून बघा. ओघळलं ते पाणी.
चमच्याला धरून राहिलं ते जेवण."

कुणी बोलत नाही.
आम्ही सगळ्या पाण्यावर वाढलेल्या.
आयाकुचोच्या डोंगरात माझी आई
पाहुणा चढणीवर दिसला की रश्श्यात तांब्या उपडा करायची,
वर म्हणायची, "बघ, देवाने पुरवलं."
तो तांब्या अजून माझ्या हातात आहे.
मी खाली ठेवते. मसूर आणखी आटू देते.
आज कुणाला तरी कमी पडणार.

मग रक्ताची गोष्ट.
कोंबडीचं, बाजारातलं, दोन सोलला डबाभर.
उकळलं की थिजतं, काळं पडतं,
ते किसायचं, कांद्यावर परतायचं,
पुदिना, वरून लिंबू.
"आणि चहा जेवणाबरोबर अजिबात नाही.
चहा लोह पळवतो."
दोन्या फोर्तुनाता आपला पेला सावकाश
घागऱ्याआड सरकवते.
"मिस," ती विचारते, "ताटाचं कळलं.
पण तू काढलंस ते एकच.
आमच्या घरात खाणारी सात."

ब्रिसेइदा आणखी एक गोल काढते. मग आणखी एक.
पाचव्याला खडू तुटतो.

नेलिदाचा योएल बोट देईना.
तीन वर्षांचा, मूठ अशी आवळलेली
जशी आत नाणी असावीत.
"आधी तुझं टोच."
तिने टोचलं, हसत. एक थेंब, छोटंसं यंत्र,
आणि मी पळी घेऊन तिच्या मागेच उभी.

नऊ दशांश चार.

बायकांना बारा तरी हवं,
हे तीच आम्हाला दर महिन्याला सांगते.
अंगठ्याने तिने आकडा झाकला.
"बघ, दुखलं का मला?" योएलला म्हणाली.
त्याने बोट दिलं. त्याचं दहा दशांश आठ.
वहीत तिने त्याचं लिहिलं.

एकशे दहा ताटं गेल्यावर पातेल्यात जे उरतं
ते पाळीवाल्या बाईचं. तो आमचा नियम.
ते मी ताटात काढलं, खाली चिकटलेलं करपटसुद्धा,
आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मी जेवून आलेय," ती म्हणाली.

हे वाक्य मला पाठ आहे.
चार पोरांना वीस वर्षं मी हेच सांगितलं,
त्यांच्याकडे पाठ करून, खरवड तोंडात टाकत.
ते म्हणायचं कसं असतं तेही ठाऊक आहे:
नजर दाराकडे, आवाज जरा मोठा,
आणि लगेच दुसरा विषय.

"पुढच्या मंगळवारी पालक आणते," ती म्हणाली.

मी चमचा भरला, तिच्या डोळ्यांसमोर तिरका केला.
ओघळलं नाही.

तिचा पगार मार्चपासून अडकलाय
हे नेलिदाने मला नंतर सांगितलं.
तेव्हा एवढंच झालं की दोन्या फोर्तुनाताने
तिची पिशवी उचलली, स्वतःच्या मांडीवर घेतली,
आणि वर दोन्ही हात ठेवून बसून राहिली,
बस येईपर्यंत बसतात तशी.

ब्रिसेइदा बसली.
तीन घास झाल्यावर, खाली बघतच,
थोडा चहा मिळेल का म्हणाली.

"अर्ध्या तासाने," दोन्या फोर्तुनाता म्हणाली.