कबुतरांचं धान्य

टाक आला तो मोज्यात गुंडाळून,
भावाच्या मित्राच्या बॅगेत, लोणच्याशेजारी.
रुपयाएवढी चांदी. घासून घासून
नाक गेलंय देवीचं, डोळे तेवढे शाबूत.
"मुलीचं कुळ बदलतं," भाऊ म्हणाला होता,
"पण तू लग्नच केलं नाहीस, तेव्हा..."
पुढचं त्याने गिळलं. त्याच्या नव्या फ्लॅटात
देवघराच्या जागी वाय-फायची पेटी आहे.

योगेश्वरीही अशीच. कोकणातून निघाली
परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला.
अंब्याला पोचेतो मुहूर्त टळला,
वऱ्हाडाचे दगड झाले, ती तिथेच राहिली.
माहेरी कुठल्या तोंडाने जाणार, आई म्हणायची.
मला वाटतं, गाव आवडलं असेल तिला.

मी दोन वर्षांसाठी आले होते स्टोकला.
एकवीस झाली.

गाव कुंभारांचं. विझलेल्या भट्ट्या अजून उभ्या आहेत
बाटलीच्या आकाराच्या, विटांच्या,
नववा लागलेल्या बायांसारख्या, कमरेवर हात ठेवून.
शेजारची ग्लेनिस टनिक्लिफ
तीस वर्षं कारखान्यात कपांना कान लावायची.
आई फोनवरून: "मडकं वाजवून घे."
मी भाषांतर करायच्या आत
ग्लेनिसने टिचकी मारली, कान लावला,
म्हणाली, चीर नाही.

माती तिच्या भाजीच्या वाफ्यातली.
सात धान्यं कालव्याकाठच्या म्हाताऱ्याकडून,
त्याची शर्यतीची कबुतरं, त्यांचं पोतं:
जोंधळा, मका, गहू, वाटाणा...
मोजली तर सहाच. सातवे मूग घरचे.

पहिली माळ डेलियाची.
दुसरी कालव्याकाठच्या जांभळ्या कसल्याशा फुलांची.
तिसरी चुकली, ड्यूटी लांबली.
फोनवर बहिणी-वहिन्यांच्या साड्या:
आज राखाडी, आज केशरी, आज मोरपंखी.
मी रोज गडद निळी. रक्त काढणाऱ्यांना
हाच रंग, नऊही दिवस.
शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा,
लहानपणी धडाधड म्हणायचे.
आता दिवसभर लोकांना नाव विचारते,
जन्मतारीख विचारते, मग शीर शोधते.
नऊ नावांच्या बाईच्या नळीवर
कुठलं लेबल चिकटवायचं?

धुराच्या घंटेला शॉवरची टोपी घातली आहे.
मी नसताना नंदादीप ग्लेनिस सांभाळते,
तेल घालते आणि निरोप धाडते:
"ती जागी आहे."
दिवा आपल्याकडे तो.
तिने कुणाबद्दल लिहिलं, मी विचारलं नाही.

आठवी माळ. आईकडे या रात्री घागरी फुंकतात,
पदर खोचून, पहाटेपर्यंत, घुमत घुमत.
इथे आम्ही दोघी आणि जास्तीचं एक मडकं.
माझ्या फुंकरीने नुसती हवा, थोडी थुंकी.
ग्लेनिसने दम्याचा पंप ओढला, मडकं उचललं,
आणि त्यातून जो आवाज आला
तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता,
रिकाम्या भट्टीच्या पोटात वारा फिरावा तसा.
कपाटातल्या बश्या किणकिणल्या.
अंगात आलं की प्रश्न विचारायचे असतात.
माझी वाचाच गेली.
ग्लेनिसने मडक्यात तोंड घालून विचारलं,
"बरी आहेस ना गं, बदके?"
इथे लाडाने सगळ्यांनाच बदक म्हणतात.

दसऱ्याला भावाचा फोन: टाक परत कधी आणतेस?
म्हटलं, मुहूर्त टळला.
बराच वेळ त्याच्याकडच्या रिक्षा ऐकू येत राहिल्या.

अंकुर उपटले, बॉयलरच्या कपाटात वाढलेले,
वीतभर, पिवळे, उन्हाशी ओळख नसलेले.
एक तुरा ग्लेनिसच्या पांढऱ्या केसांत,
एक माझ्या ओळखपत्रामागे.
गुरुवारी कबुतरवाला आला तपासणीला.
बाही वर करता करता थबकला:
हे तर माझ्याकडचं.
हो, म्हटलं.
मूठ आवळा.