तीनपैकी एक

ल्वीएनबाई म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत एक खेळ काढ,
बावीस संगणकांच्या पोटात तिळाएवढी जागा नाही.
नाम दिन्हच्या जुन्या कापडगिरणीमागे आमचं दुकान,
रात्री अकरानंतर शटर अर्धं.
मी खुर्च्या पुसता पुसता
तिघांची कुंडली मांडली.

पहिला जुना, माझ्याहून दोन वर्षांनीच लहान.
त्यात माणसं बोरं तोडतात, हरणामागे पळतात,
आणि मध्ये झाड आलं की वळसा घालायचं सोडून
तिथेच कदमताल करत राहतात, अख्खी लढाई संपेतो.
हत्तींची फौज पुलावर स्वतःलाच अडते.
पण हरायला चाळीस मिनिटं मिळतात.
तेवढ्यात एक वाडगा नूडल्स होतात,
शेजाऱ्याला शिव्या देऊन होतात,
भिंत बांधून होते,
आणि भिंतीआडची पिवळी शेतं बघताना
आपण हरतोय हे थोडं विसरायला होतं.

दुसरा अंतराळातला.
तीन जमाती, एकीचं औषध दुसरीला लागू नाही,
तरी तराजू असा की राई टाकली तर पारडं हलतं.
इतकं नेमकं घडवलेलं
मी दुसरं काही पाहिलेलं नाही.
पण बाख, वय एकोणीस, मिनिटाला तीनशे टिचक्या,
मनगटाला काळा पट्टा बांधून येतो
आणि जेवताना वाडगा उचलत नाही,
टेबलावर ठेवून त्यावर वाकतो.
डाव्या हाताचा मळ म्हणतात, तो हा खेळ नव्हे.
नवखा पोरगा यात चौथ्या मिनिटाला मरतो,
पैसे मात्र तासाचे भरलेले असतात.

तिसरा महायुद्धाचा. यात शेती नाही, खाण नाही,
टेकडी धरायची आणि धरून ठेवायची.
शिपाई न सांगता आडोसा शोधतात,
गोळ्या आल्या की आईला हाका मारतात.
न्गिएम म्हणतो, घाबरणारं सैन्य फक्त इथेच आहे.
खरं आहे. पण एकदा टेकडी गेली की गेली,
कुमक जिंकणाऱ्यालाच मिळते,
आणि अकरा नंबरचा संगणक
पहिल्याच तोफेला धापा टाकतो.

रात्र थोडी, सोंगे फार:
यात तिघेही सख्खे भाऊ.

पायरीवर चहा विकणाऱ्या थ्वाबाईंना विचारलं.
तीस वर्षं गिरणीत, एका वेळी चोवीस माग.
हातात गरम पेला घेऊन त्या बाखच्या मागे उभ्या राहिल्या,
मग सात नंबरवर गेल्या, जुन्या खेळापाशी.
'तो कोपऱ्यातला रिकामा उभा आहे.'
नव्या खेळांत खूण होते बाई, कुणी बसून राहिलं की.
'आम्हालाही शेवटी शेवटी घंटा बसवून दिली होती.
मग मागाकडे कुणी बघेना. सगळ्यांचे कान घंटेकडे.'
पेला रिकामा झाला तरी त्या हलल्या नाहीत.
'एवढं सगळं चालवतात,' म्हणाल्या,
'यात कापड कुठून निघतं?'

मी कळफलकातले बिस्किटाचे कण
काडीने काढत राहिलो.

साडेतीनला दुसरा पुसला.
त्यात मी एकेकाळी जिल्ह्यात चौथा होतो,
ते प्रमाणपत्र अजून गल्ल्यामागे आहे,
वरच्या कोपऱ्यात झुरळाने खाल्लेलं.

दहा वाजता बाख आला.
पडद्यावर शोधलं, माझ्याकडे बघितलं,
आणि पट्टा घट्ट करत
रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला.
ल्वीएनबाईंनी त्याचे महिन्याचे तास बोटांवर मोजले,
मग माझ्या पगाराचा विषय काढला.

सात नंबर रात्रभर चालूच राहिला होता.
झाडापाशी तो माणूस अजून चालतोय,
पाय हलतात, जागा हलत नाही.
थ्वाबाई पेले विसळता विसळता आत डोकावल्या:
'अरे, त्याला कुणीतरी सांगा.'