सीटचा साचा

आधी तिला कचऱ्याच्या काळ्या पिशवीत बसवलं.
हसू नका, सीट अशीच बनते:
दोन डब्यांतलं रसायन एकत्र ढवळायचं,
पाठीमागे ओतायचं,
आणि तो फेस फुगून, तापून, घट्ट होईपर्यंत
माणसानं हलायचं नाही. वीस मिनिटं.

गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी,
भोसरीच्या आमच्या शेडमध्ये लाइट नव्हती.
नाकावर माशी बसली तरी ऋजुता हलली नाही.
वय पंधरा. दहावीचा शेवटचा पेपर होऊन नऊ दिवस.

मी तिचा मामा. लेथ माझं, कर्ज तिच्या आईचं,
गाडी दोघांत मिळून, तीही चौथ्या हातची.
नाकाडावरचं आधीच्या पोराचं नाव
कितीही घासलं तरी
तिरक्या उन्हात वाचता यायचं.

संध्याकाळी दिघीच्या गच्चीवर
हेल्मेटला सायकलची ट्यूब बांधून
ती मान ओढत बसायची, डावीकडे साठ, उजवीकडे साठ.
समोरच्या गॅलरीतल्या बाई आठवडाभर बघत राहिल्या
आणि मग म्हणाल्या, "आमच्या ओळखीचे आहेत हो एक, हाडांचे."

कोइमतूर म्हणजे अठ्ठावीस तास.
ट्रॉलीवर निळी ताडपत्री, तिच्याखाली चाकं उघडी.
कात्रजचा बोगदा यायच्या आतच
हवालदारानं विचारलं, "काय आहे, विमान?"
ती मागच्या सीटवरून झोपेतच म्हणाली,
"नाही काका. उडालं तर हरलो."

पहिल्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला गिअर अडकला.
दुसरीत कुणीतरी मागून चढलं, पुढचा आर्म वाकला.
तो मी रात्रभर बसून सरळ केला नाही,
वाकलेला आर्म सरळ करायचा नसतो,
उसना मागायचा असतो, ज्याच्याशी उद्या लढायचंय त्याच्याकडून.
तेही शिकलो.

आयुष्यभर सुतात मोजत आलो,
आणि इथं पोरं सेकंदाचा हजारावा भाग
माझ्याकडे अशी मागायची
जसा तो माझ्याच खिशात आहे.

एकदा म्हणाली,
"मामा, ब्रेक म्हणजे थांबणं नसतं.
ब्रेक म्हणजे गाडीला सांगायचं, मान खाली घाल,
मग ती वळते."
मी घाटात टेम्पो चालवत होतो. गप्प बसलो.
पुढच्या वळणावर करून पाहिलं.

चौथ्या राउंडला मी भिंतीपाशी पाटी धरून उभा.
माझ्यासमोरून गेली तेव्हा आठवी,
फिरून आली तेव्हा पाचवी.
मधे काय झालं मी पाहिलं नाही,
झाडं आडवी येतात तिथं, आणि एक पाण्याची टाकी.
रात्री जेवताना विचारलं.
"दोघं एकमेकांत गुंतले, तिसरा बघत बसला,"
एवढंच, आणि सांबारची वाटी पुढे केली.
तिच्या आईला फोनवर मी मात्र
दहा मिनिटं वर्णन करून सांगितलं.

नोव्हेंबरात गुणतक्त्यावर सहावी.
नोव्हेंबरातच गुडघे स्टिअरिंगला लागू लागले.
साडेतीन इंच वाढली होती,
सीटचा फोम ब्रेडच्या सुरीनं तासत तासत
आम्ही पत्र्यापर्यंत आलो होतो.
वहीत जमा-खर्चाचंही तसंच.

गाडी इचलकरंजीच्या एका मुलानं नेली.
सीट नको म्हणाला त्याचा बाप.
बरोबरच आहे, पाठ ज्याची त्याची.

आता ती अकरावीला, शिवाजीनगरला बसनं जाते, बहुतेक उभीच.
परवा मी त्याच बसमध्ये मागे होतो, तिला माहीत नव्हतं.
नाशिक फाट्याच्या वळणाला
सगळी बस एकदम कलली, किंचाळली, दांड्या पकडल्या,
ती मात्र त्याच्या क्षणभर आधीच
कललेली होती. हात दप्तरावर.

सीट शेडच्या माळ्यावर आहे.
मांजर व्यालं तिच्यात, चार पिल्लं.
एक जरा वेगळं झोपतं,
डाव्या खांद्याच्या खळग्यात,
जिथं फोम सगळ्यात पातळ आहे.